गिल्बर्टनं तुरुंग आणला

आता मला सांगा, माणसानं झोपू नये का? झोपूच नये? म्हणजे एरवी झोप लागत नाही म्हणून डॉक्टर रागावणार, आणि जन्मात एकदा लागली तर अख्खी काउंटी बोट दाखवणार की हा बघा, हा गिल्बर्ट बोर्बा, यानं आपल्याला नवीन तुरुंग आणला! अहो, मी कुठला तुरुंग आणतोय? मी जन्मभर दुधाचा टँकर चालवला. दूध आणलं, दूध नेलं, तुरुंग कधी आणला नाही. राज्यानं कर्जरोखे काढले, रोख्यांचा पैसा काउंट्यांना वाटला, त्यातनं आमचा जुना तुरुंग पाडला, मोठा नवा बांधला, नवं छप्पर, नवे नळ, नव्या भिंती… होऊ दे की! त्यात माझा काय संबंध? मी फक्त झोपलो होतो हो.

तुम्हाला सांगतो, इदालिना होती तोवर मी झोपेचा कधी विचारसुद्धा केला नाही. विचार करायचो तो तिच्या घोरण्याचा. बाई एवढीशी, बोलणं इतकं हळू की चर्चमध्ये शेजारी बसलेल्यालाही तिची प्रार्थना ऐकू यायची नाही, आणि उशीला डोकं टेकलं की घुर्रर्र… लांबलचक… आणि मग एकदम बंद. बंद म्हणजे काहीच नाही. मी आपला वाट बघतोय, आता येईल, आता येईल… येतच नाही… मी कोपरावर उठून तिच्या तोंडाकडे बघतोय, गेली की काय ही… आणि मग, फुस्स! असा एक बारीक सुस्कारा, आणि परत घुर्रर्र. आख्खा संसार हे ऐकलं मी. तक्रार करायचो ना, करणारच! न्याहारीला करायचो, गोठ्यागोठ्यावर दूध भरताना करायचो, एकदा तर पाद्रीबाबांकडे केली. ते म्हणाले, प्रार्थना कर. म्हटलं, प्रार्थना करायला शांतता नको का?

आणि ती काय म्हणायची माहिताय? पाव भाजता भाजता, माझ्याकडे पाठ करून, “मी घोरते म्हणून तुला कळतं मी आहे. नाहीतर तू कधी वळून बघितलं असतंस?” घ्या. मी टोपी घालायचो आणि टँकर काढायचो.

मग ती गेली. अक्रोड झाडायचे दिवस होते, सगळीकडे झाडं हलवणाऱ्या यंत्रांची धूळ. घुर्रर्र झालं, बंद झालं, मी वाट बघत बसलो… आणि फुस्स काही झालं नाही. तेव्हापासनं आमच्या घरात इतकी शांतता आहे, इतकी शांतता आहे की मला फ्रिजच्या आतला दिवा लागतो तेसुद्धा ऐकू येतं असं वाटतं. झोप गेली ती गेलीच. मी नाना उपाय केले. गरम दूध प्यायलो, ज्या माणसानं जन्मभर दूध वाहिलं त्याला दुधानं काय होणार? डॉक्टरच्या गोळ्या घेतल्या, त्यांनी जीभ झोपली, मी जागाच. मेहुणीनं एक यंत्र आणून दिलं, समुद्राच्या लाटांचा आवाज काढतं. आम्ही मूळची पोर्तुगीज बेटांवरची माणसं, लाटा ऐकून आम्हाला झोप येते असं तिला वाटतं. मला लाटा ऐकून लघवीला लागते. शेवटी माझा मित्र अर्नी, म्हशीएवढा माणूस, तो म्हणाला मी येतो तुझ्याकडे आणि घोरतो. आला बिचारा, उशी घेऊन आला. पण ते घोरणं म्हणजे नुसता ट्रॅक्टर चालू ठेवलेला. थांबतच नाही! घोरण्यात थांबणं महत्त्वाचं असतं हो, ते लोकांना कळत नाही.

आणि न झोपलेल्या माणसाचं कसं होतं, दिवसभर सगळं धुक्यातनं चालतं. म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात धुकं असतंच, समोरचा हात दिसत नाही असं, पण माझ्याकडे बारा महिने. दुकानात जावं तर दुकानदाराचं तोंड हलतंय आणि शब्द मागनं येतायत. रस्त्याच्या कडेला गाई उभ्या आहेत, की मीच कधीतरी बघितलेल्या गाई आहेत… काही सांगता येत नाही. खरं काय, भासलेलं काय, दोन्हींच्या मधला बांध वाहून गेलेला. तर मी पुढे जे सांगतोय त्यातलं काही जरा इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या.

तर तुरुंग. आमचा तुरुंग तुम्ही बघायला हवा होता, आता काय, पाडला. कोर्टाच्या मागे, नदीच्या बांधाला लागून, विटांचा, एवढासा. पावसाळ्यात छप्पर इतकं गळायचं की कैद्यांना पातेली द्यायचे आणि पातेली कमी पडायची. जमिनीवर गाद्या टाकून झोपायचे लोक, एकाच्या पायाशी दुसऱ्याचं डोकं. एका हिवाळ्यात छताचा एक तुकडा एका पोराच्या अंगावर पडला, खांदा मोडला त्याचा. आमचा शेरीफ लॉनी प्रूएट, मी त्याला कडेवर घेतलंय, त्याच्या बापाच्या गोठ्यातलं दूध मीच न्यायचो. एवढा धिप्पाड माणूस, पण मनानं लोणी. तो त्या पोराला हॉस्पिटलात भेटायला जायचा आणि येताना माझ्या पायरीवर बसून डोळे पुसायचा. म्हणायचा, काका, माणसं माझ्या ताब्यात दिलीयत, आणि मी त्यांना धड छप्पर देऊ शकत नाही. मग राज्यानं ते रोखे काढले तेव्हा लॉनीनं अर्ज केला, की आमचा तुरुंग भरून वाहतोय, पडायला आलाय, आम्हाला द्या. सगळं खरं हो! अगदी अक्षर न् अक्षर खरं.

राजधानीतनं कळवलं, आमच्या तपासणीच्या बाई येऊन बघतील, आणि तारीख दिली. आणि तारीख कुठली? जत्रेच्या आठवड्यातली!

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं? अहो, आमच्याकडे काउंटीच्या जत्रेत कोणी तुरुंगात नसतं! ही आमची जुनी रीत आहे, म्हाताऱ्या जज्जनं घालून दिलेली. जे दोघं-तिघं दांडगट असतात त्यांना शेजारच्या काउंटीत पाहुणे म्हणून पाठवायचं, बाकीच्यांना आठवडाभर सोडायचं, कारण अर्ध्यांच्या गाई प्रदर्शनात असतात आणि उरलेल्या अर्ध्यांचे मेव्हणे सोपासच्या, म्हणजे आमच्या पाव-रश्श्याच्या, कढईपाशी असतात. जत्रा संपली की सगळे आपापले परत येतात, येताना तुरुंगाच्या स्वयंपाकिणीसाठी केक घेऊन येतात. आजवर एकजण पळाला नाही. पळून जाणार कुठे? घरची माणसं जत्रेतच असतात.

म्हणजे वर्षभर जो तुरुंग फुटायला आलेला असतो तो नेमका त्या आठवड्यात रिकामा. बाई येणार, रिकाम्या कोठड्या बघणार, आणि म्हणणार, हे काय, इथे तर कुत्रं नाही!

लॉनीनं चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावलं. कॉफी होती, गोड पाव होता, पण इदालिनासारखा नव्हता, सुका होता. लॉनी उभा राहिला, टोपी हातात गोल गोल फिरवतोय, कान लाल. त्याचं म्हणणं असं की तारीख बदलून मागितली तर रांगेतला नंबर जाईल, आणि कैद्यांना जत्रेतनं ओढून आणणं बरं दिसत नाही, एकाची कालवड शेवटच्या फेरीत पोचलीय. तेव्हा… म्हणजे… कोणाला दुपारची सवड असेल, तर कैदी म्हणून येऊन बसायला…

मग आमच्या काउंटी बोर्डाच्या अध्यक्षीण वर्ना ओक्स, बाई काठीसारखी, आवाज त्याहून काठी, त्या उठल्या. म्हणाल्या, हे खोटं बोलणं नाही. मागच्या गुरुवारी जे होतं तेच आपण या गुरुवारी दाखवतोय. बस्स, एवढं ऐकलं आणि सगळ्यांनी हात वर केले. आमची माणसं कशी आहेत, कुठे आग लागली, कुठे पूर आला, कोणाचं गवत भिजलं, की विचारत नाहीत, गाडी काढतात. मीही हात वर केला. का केला, ठाऊक नाही. घरी तरी काय होतं?

गुरुवारी दुपारी तुरुंगाशी ही गर्दी! आणि प्रत्येकाच्या हातात झाकलेलं भांडं! अहो, हॉलमध्ये जमायचं म्हटलं की आपापलं भांडं न्यायचं, ही हाडात मुरलेली सवय. कोणी बटाट्याचं सॅलड आणलं, कोणी पीचचा केक आणला, मेहुणीनं सोपासची अख्खी कढई आणली. लॉनी कपाळावर हात मारून सांगतोय की कैदी जेवण घेऊन येत नसतात, आणि बाया म्हणतायत, अरे पण बाई इतक्या लांबनं येणार, उपाशी का जाणार? कढई शेवटी पुरावे ठेवायच्या खोलीत लपवली. मग कैद्यांचे नारिंगी कपडे वाटले. अर्नीला एकही मावेना, त्याला दोन जोडून घातले, मध्ये पोट दिसतंय. मग भांडण गुन्ह्यांवरनं! प्रत्येकाला मोठा गुन्हा हवा. आमचा औषधवाला, ज्यानं आयुष्यात रस्त्यावरचा सिग्नल मोडला नाही, तो बँकेवर दरोडा म्हणून हटून बसला. लॉनीनं समजावलं, आमच्याकडे तसलं नसतं, दारू पिऊन गाडी, मारामारी, गुरांची चोरी, यातलं घ्या. अर्नीनं गुरांची चोरी घेतली. तर त्याच कोठडीत त्याचा शेजारी! तो म्हणाला, मला वाटलंच होतं, माझी पांढऱ्या कपाळाची गाय तूच नेलीस. झालं, खरंच जुंपली. वर्नाबाईंनी मला बघितलं, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, “गिल्बर्ट, तू गुन्हेगार दिसत नाहीस. जरा पाठीत वाक, आणि कृपा करून कोणाला नमस्कार करू नकोस.” मला कुठला गुन्हा दिला तेही आता आठवत नाही. दारूचा असावा. मी म्हटलं, नको, इदालिनाला कळलं तर… आणि मग मला आठवलं. लॉनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कोपऱ्यातल्या कोठडीत नेलं, म्हणाला, काका, तुम्ही इथे आडवे व्हा, तुम्हाला कोणी काही विचारणार नाही.

कोपऱ्यातली कोठडी. भिंतीपलीकडे बॉयलर. या भिंतीवर एक जुना पाईप, गंजलेला, कोपऱ्यात वळून वर गेलेला. मी खाटेवर आडवा झालो, घोंगडीला ओलसर वास, वर गजांतनं जत्रेतलं संगीत येतंय लांबनं, वाऱ्यानं येतंय आणि जातंय. शेजारी अर्नी गाईवरनं भांडतोय. मी छताकडे बघतोय, एवढा मोठा डाग, आमच्या बेटासारखा. आणि तेवढ्यात पाईपातनं आवाज आला.

घुर्रर्र…

मी हललो नाही. तो लांबत गेला, लांबत गेला, आणि एकदम बंद. बंद म्हणजे काहीच नाही. मी वाट बघतोय. जत्रेचं संगीत थांबलं, अर्नी थांबला, सगळी काउंटी थांबलीय… आता येईल, आता येईल… येतच नाही… मी कोपरावर उठलो, तुम्हाला सांगतो, खरोखर कोपरावर उठलो आणि भिंतीकडे वळून बघितलं…

फुस्स.

आणि परत घुर्रर्र.

मी रडलो. सांगायला लाज कसली? नारिंगी कपड्यात, गंजक्या पाईपाला हात लावून रडलो. पाईप कोमट होता. आणि मग डोळे कधी मिटले कळलंच नाही.

काय झोप ती! मी टँकर चालवत होतो, पण टँकर जमिनीवर नव्हता, धुक्यावरनं चाललेला, खाली अक्रोडाच्या बागा आणि बागांमधनं पांढऱ्या गाई एकामागे एक, घाई कोणालाच नाही. इदालिना शेजारच्या सीटवर, मांडीवर पावाची टोपली, तिच्यावर पांढरं फडकं. डोकं खिडकीला टेकलेलं आणि घोरतेय. मी म्हटलं, जरा हळू गं. ती झोपेतच म्हणाली, तू गाडी बघ. तुरुंगाच्या विटा एकेक सुटत होत्या आणि नदीवर तरंगत जात होत्या, आणि आतली सगळी माणसं आपापली झाकलेली भांडी घेऊन पाण्यावरनं चालत होती, कोणाचे पाय भिजत नव्हते. लॉनी लहान होता, चड्डीत, बांधावर उभा राहून हात हलवत होता. कुठे जायचंय तेही ठाऊक नव्हतं आणि काही बिघडतही नव्हतं. टोपलीतल्या पावाचा वास येत होता. मी एका हातानं फडकं उचलून बघितलं, पाव आतनं अजून श्वास घेत होता.

आणि नेमक्या याच वेळी त्या राजधानीच्या बाई आल्या. फिलिस नाकाशिमा त्यांचं नाव, बारीक, करड्या केसांच्या, गोड स्वभावाच्या. हे मला नंतर कळलं, सगळ्यांनी शंभरदा सांगितलं. बाई आत आल्या आणि तुरुंगातली सगळी माणसं उठून उभी राहिली! औषधवाल्यानं टोपी काढली. पलीकडच्या कोठडीतली एक बाई विणकाम करत होती, ती म्हणाली, प्रवास बरा झाला ना? अर्नीला बाईंनी विचारलं, इथे कसं वाटतं? तर तो म्हणाला, फार छान, आभारी आहे. वर्नाबाई भिंतीला टेकून हिरव्यापिवळ्या पडत चाललेल्या. लॉनी घामानं निथळतोय. बाई एका कोठडीतनं दुसऱ्या कोठडीत बघतायत, भुवया वर वर चाललेल्या. लॉनीनं मनात म्हटलं, संपलं. पैसे गेले, छप्पर गेलं, आता याच गळक्या छपराखाली आणखी एक हिवाळा, आणखी एखाद्या पोराचा खांदा.

मग त्या माझ्या कोठडीपाशी आल्या.

मी तोंड उघडं टाकून पडलेलो. एक हात पाईपावर, गालांवर ओघळ वाळलेले. पाईप घुर्र करतोय, बॉयलरचं पाणी माझ्या उशाशी टपटपतंय आणि मी बेशुद्धासारखा झोपलेलो. बाई गजांना धरून किती तरी वेळ उभ्या राहिल्या म्हणे. लॉनी सांगतो, त्यांचे डोळे भरून आले. त्या हळूच बोलल्या, मला जाग येऊ नये म्हणून, “या वयाच्या माणसाला अशा जागी ठेवता? या आवाजात? किती थकले असतील हे, म्हणून इथेही झोप लागली.” लॉनी खरं तेच बोलला, म्हणाला, बाई, यांना फार दिवसांत झोप नाही.

बाईंचं मन वळलं ते तिथे. बाकीचे कैदी जरा जास्तच सुखात दिसतात असं त्यांनाही वाटलं असणार, पण तो म्हातारा! तो म्हातारा खोटा असूच शकत नाही! पुढे राजधानीतनं मंजुरी आली, आख्ख्या रकमेची, आणि वर बाईंचा खास हुकूम, की सगळ्यात आधी कोपऱ्यातली ती कोठडी पाडा आणि तो अमानुष पाईप काढून टाका.

हॉलमध्ये जल्लोष. वर्नाबाईंनी मला मिठी मारली, काठी मोडेल की काय अशी. आणि तेव्हापासनं सुरू झालं, गिल्बर्टनं तुरुंग आणला, गिल्बर्टनं तुरुंग आणला! अहो, मी फक्त झोपलो होतो हो!

मी लॉनीकडे गेलो. म्हटलं, पाडेपर्यंत मला दुपारचं येऊ दे. लॉनीनं मान खाली घातली. म्हणाला, “काका, जत्रा संपली. माझी माणसं परत आलीत, जमिनीवर झोपतायत. त्यांच्यातल्या कोणाची खाट काढून तुम्हाला देऊ?” बरोबर होतं त्याचं. मग म्हटलं, रीतसर जावं, गुन्हा करून! तर या काउंटीत गुन्हा करणं केवढं कठीण आहे, विचारू नका. वर्नाबाईंच्या पायरीवरनं त्यांच्या देखत भोपळा उचलून नेला. संध्याकाळी बाई दारात, हातात दुसरा भोपळा, म्हणाल्या, तो जरा कोवळा होता, हा ने. आगीच्या बंबाच्या नळासमोर गाडी लावली. बंबवाल्यांनी गाडी हलवली आणि धुऊन ठेवली. शेवटी भर चौकात लॉनीला शिव्या दिल्या, पोर्तुगीजमधनं, सणसणीत. लॉनीनं मला जवळ घेतलं आणि म्हणाला, मलाही तिची आठवण येते. आता याला काय करायचं?

कोठडी पाडली त्या दिवशी मी बांधावर उभा होतो. विटा एकेक निघाल्या, पण नदीवर तरंगल्या वगैरे नाहीत, ट्रकमध्ये पडल्या. लॉनीनं कामगारांना सांगून पाईप मला दिला, स्वतः घरी आणून ठेवला. नळवाल्यानं आमच्या भिंतीला जोडूनही बघितला, माझ्या उशाशी. पाणी सोडलं. सुं करून सरळ पाणी आलं. थांबणं नाही, काही नाही. बॉयलर तिकडचा, भिंत तिकडची, नुसता पाईप घोरत नाही हो. अजून आहे तिथेच, मी त्यावर टोपी अडकवतो.

परवा नवीन तुरुंगाचं उद्घाटन झालं. चांगला बांधलाय, वाईट कशाला बोलू? छप्पर पक्कं, प्रत्येकाला खाट, तो खांदा मोडलेला पोरगा शिक्षा संपवून बाहेर आलाय, तोही बायकोला घेऊन बघायला आलेला. फीत कापायच्या आधी लोकांना आत हिंडू देत होते. मी हळूच जिथे ती कोपऱ्यातली कोठडी होती तिथल्या नव्या कोठडीत जाऊन आडवा झालो. गादी छान. भिंत गुळगुळीत. कान लावला. काहीच नाही. आमच्या घरासारखीच शांतता, सरकारी पैशानं बांधलेली.

“आजोबा?”

दारात नाकाशिमाबाई! खास उद्घाटनाला आलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला, काय सांगू. माझा हात दोन्ही हातांत धरला. मागे वर्नाबाई धावत आल्या आणि माझ्या दंडाला नखं लावून उभ्या राहिल्या, म्हणजे तोंडातनं वेडंवाकडं निघू नये. लॉनी त्यांच्या मागे, टोपी गोल गोल फिरवतोय.

बाईंनी विचारलं, “आता झोप लागते ना?”

मी लॉनीकडे बघितलं. मग वर छपराकडे बघितलं. एक डाग नव्हता. म्हटलं, “छान लागते, बाई.”

“त्या दिवशी तुम्हाला उठवायचा धीर झाला नाही, म्हणून विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आत होतात तरी कशासाठी?”

वर्नाबाईंची नखं आणखी आत गेली. आणि मला तो दारूचा गुन्हा काही आठवेना, न झोपलेल्या माणसाचं डोकं! जे आलं ते बोललो. म्हटलं, “बायको घोरते म्हणून तक्रार करायचो.”

बाई हसल्या. मनापासून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाल्या, “एवढ्यासाठी? पण आता मोकळे झालात ना?”

म्हटलं, “झालो ना, बाई. तीच तर शिक्षा.”

मग फीत कापली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, झाकलेली भांडी उघडली. वर्नाबाई म्हणाल्या, शहाण्यासारखा बोललास. अर्नीनं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, हा बघा, यानं तुरुंग आणला! आणि मी तिथे, उन्हात, हातात सोपासचं ताट घेऊन, जांभया देतोय. अहो, मी फक्त झोपलो होतो. एकदाच.